सासर एका शहरात, माहेर दुसऱ्या

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

पत्र लिहिणाऱ्या बाई पस्तिशीच्या आहेत. बालपण, शिक्षण, पहिली नोकरी सगळं एका मोठ्या शहरात झालं. लग्न होऊन शेजारच्या, तितक्याच मोठ्या शहरात आल्या त्याला सात वर्षं झाली. दोन शहरांत गाडीने तीन तासांचं अंतर आणि कित्येक पिढ्यांची चुरस. कुठली माणसं सुसंस्कृत, कुठली कामाची, कुठली नुसती बोलघेवडी, यावर सासरी जेवताना रोज काही ना काही निघतंच. सुरुवातीला त्यांना यात मजा वाटायची. त्या हजरजबाबी आहेत, सासऱ्यांशी त्यांची जुगलबंदी रंगायची. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, आई माहेरच्या घरी एकटी राहते. आता नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी त्याच शहरात बदली देऊ केली आहे आणि तेव्हापासून थट्टेला धार आली आहे. मध्यंतरी माहेरच्या शहरात पाणी भरलं. धाकट्या दिरांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुडालेल्या रस्त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पोहायला शिकून घ्या, बदली होणार आहे.’ त्या रात्री यांची आई वीज गेलेल्या घरात एकटी होती. नंतर सहा वर्षांची मुलगी फोनवर आजीला म्हणाली, ‘तुझं शहर घाण आहे, मला नाही यायचं तिकडे.’ आजी हसली आणि म्हणाली, ‘बरं, मग मीच येते हं.’ नवऱ्याचं म्हणणं असं की, ‘तू फार मनाला लावून घेतेस, आमच्याकडे असंच बोलतात.’ बाईंचा प्रश्न: तोडीस तोड उत्तर देत राहावं की गप्प बसावं? आणि असं सगळीकडे चालतं, की आमच्याच घरात?

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. हो, जगभर चालतं. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ ही दोन शहरं जेमतेम ४० किलोमीटरवर आहेत. कोलोनची बिअर वेगळी, ड्युसेलडॉर्फची वेगळी, आणि एकीकडची दुसरीकडे मागणं म्हणजे आपणहून टोमणे ओढवून घेणं. कार्निव्हलमध्ये कोलोनचे लोक ‘अलाफ’ म्हणून ओरडतात, ड्युसेलडॉर्फचे ‘हेलाउ’, आणि चुकून अदलाबदल झाली तर आजूबाजूचे लगेच सुनावतात. या वैराचं मूळ विचारलं की १२८८ सालच्या वोरिंगनच्या लढाईचं नाव निघतं. आता त्या लढाईत काय झालं होतं? कोलोनचे नागरिक आणि बेर्गचा काउंट, म्हणजे ड्युसेलडॉर्फ ज्याच्या मुलखात होतं तो सरदार, हे दोघे एकाच बाजूने, कोलोनच्या आर्चबिशपच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या विरुद्ध लढले होते. जिंकल्यावर त्या काउंटने ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा दिला. ज्या लढाईच्या नावाने आजही चेष्टा चालते, ती त्यांनी खांद्याला खांदा लावून जिंकलेली होती.

तुमच्या सासूबाईही अशीच एक जुनी गोष्ट सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या आत्याला तुमच्या शहरात घर घेताना कुणीतरी फसवलं, ‘तेव्हापासून आम्ही ओळखून आहोत.’ ही गोष्ट खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. फसवणारा माणूस त्या शहरातला होता की बाहेरून आलेला, व्यवहार नक्की काय होता, हे शोधून काढलंत तरी उपयोग होणार नाही. घरातल्या अशा कथा पुराव्याच्या जोरावर टिकून राहिलेल्या नसतात, त्यामुळे पुराव्याने पडतही नाहीत.

मनोविश्लेषक फ्रॉइडनेही याकडे लक्ष वेधलं होतं: शेजारी राहणारे, बऱ्याच बाबतींत एकसारखे असणारे समाजच एकमेकांची सगळ्यात जास्त टर उडवतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज, इंग्लिश आणि स्कॉटिश ही त्याची उदाहरणं. लांबच्या, अगदी निराळ्या माणसांशी आपल्याला एवढी बारीक बरोबरी करावीशी वाटत नाही. तुमच्या सासरी आणि माहेरी बोलणं, वागणं, मुलांकडून असलेल्या अपेक्षा यांत किती साम्य आहे, ते तुमच्याच पत्रात जागोजागी दिसतं. तेव्हा निव्वळ थट्टेचं म्हणाल, तर तुमचं घर जगावेगळं नाही.

मला काळजी वाटली ती बदलीनंतर आलेल्या धारेची. तुम्ही विचारताय की टोमण्याला उत्तर काय द्यावं. मी म्हणेन, टोमणा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याच्यामागे काय देणंघेणं आहे ते बघा.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि लिव्हरपूलचं उदाहरण घ्या. १८३० मध्ये या दोन शहरांच्या दरम्यान रेल्वे सुरू झाली, ती दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांनी मिळून उभी केली होती. तरीही ‘लिव्हरपूलचे सभ्य गृहस्थ आणि मँचेस्टरचे नुसते पुरुष’ अशा अर्थाची म्हण त्या शतकात रूढ होतीच. ऐकायला ती संस्कृतीची, शिष्टाचाराची तुलना वाटते. खरा सल होता बंदराच्या शुल्काचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस लागायचा, तो लिव्हरपूलच्या बंदरातून यायचा, आणि तिथे भरावे लागणारे पैसे मँचेस्टरला डोईजड वाटत होते. शेवटी त्यांनी समुद्रापर्यंत स्वतःचा ५८ किलोमीटरचा कालवा खणला. १८९४ मध्ये तो सुरू झाला आणि समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत असलेल्या शहराला बंदर मिळालं. सभ्य कोण आणि असभ्य कोण यावर कितीही वाद घातला असता, तरी कापसाच्या गाठीमागचा एक पैसा कमी झाला नसता.

तुमच्या घरातला कापूस म्हणजे ही बदली. सासू-सासऱ्यांचा मुलगा आणि नात तीन वर्षांसाठी दुसरीकडे जाणार, आणि तीनाची सहा कधी होतील याचा भरवसा नाही, ही त्यांची भीती आहे. ती कुणी तोंडाने बोलत नाहीये. ‘तुम्ही गेलात तर आम्हाला करमणार नाही’ असं म्हणायला सत्तरीच्या माणसाला जड जातं, ‘त्या शहरात माणसं राहतात तरी कशी’ हे म्हणायला सोपं जातं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार आहे. तुमच्या बाजूनेही थोडं तसंच आहे. तुम्ही तावातावाने तुमच्या शहराची बाजू घेता, पण पत्रातल्या ओळी वाचताना मला दिसत राहते ती तुमची आई, संध्याकाळी सातनंतर दाराला आतून दोन कड्या लावून बसणारी. हे तुम्ही सासरी कधी बोलला आहात का? पत्रात तरी तसं कुठे आलेलं नाही. शहर सुंदर आहे की बकाल, यावर तुम्ही सगळे भरभरून बोलता, आणि दोन म्हाताऱ्या घरांतल्या एकटेपणाबद्दल मात्र सगळे मूग गिळून बसता.

पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात टाकून दिलंय: ‘(सात वर्षांत सासू-सासरे माझ्या आईकडे एकदाच आले, तेही जेवून.)’ माझ्या मते हे वाक्य कंसाबाहेर यायला हवं. अमेरिकेत डॅलस आणि फोर्ट वर्थ या शेजारी शहरांचं हाडवैर प्रसिद्ध होतं. फोर्ट वर्थचे वृत्तपत्रमालक एमन कार्टर कामासाठी डॅलसला जाताना घरून डबा घेऊन जात, त्या शहरात एक पैसा खर्च व्हायला नको म्हणून, अशी कथा तिकडे आजही सांगतात. दोन श्रीमंत शहरांच्या बाबतीत ही कथा मजेची वाटते. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जाताना जेवून जाणं मात्र मजेचं राहत नाही. तुमच्या आईने दुपारपासून स्वयंपाक केला असणार, आणि मग ‘नाही, नाही, आमचं झालंय’ हे ऐकून तो झाकून ठेवला असणार. कदाचित पाहुण्यांचा हेतू तिला त्रास न देण्याचाही असेल. ते विचारून घ्या, गृहीत धरू नका. पण सात वर्षांत सगळे वाढदिवस, सगळ्या सुट्ट्या, सगळी आजारपणं एकाच शहरात साजरी आणि सहन होत असतील, तर दोन शहरांची चुरस बरोबरीची राहिली नाही. सासऱ्यांशी जुगलबंदी रंगत होती, तेव्हा तुम्हाला परत जायला वडील असलेलं, भरलेलं घर होतं. आता तोच विनोद वेगळा लागतो, याचा दोष तुमच्या हळवेपणाला देऊ नका.

आता त्या फोटोबद्दल. तुमच्या यजमानांशी मी इथे स्पष्टपणे असहमत आहे.

मँचेस्टर आणि लिव्हरपूलचं भांडण आज फुटबॉलच्या मैदानावर दिसतं. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या आठ खेळाडूंसह २३ माणसं गेली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. वर्षानुवर्षं दोन्हीकडचे काही प्रेक्षक या मृत्यूंवरून एकमेकांना डिवचणाऱ्या घोषणा देत आले. मैदानावर वाटेल ते ऐकायची सवय असलेल्या लोकांनाही हे सहन होईना. मार्च २०२३ मधल्या सामन्याआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी, युर्गन क्लॉप आणि एरिक टेन हाग यांनी, एकत्र आवाहन केलं की चुरस हवी, पण माणसांच्या मरणावरून घोषणा नकोत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक प्रशिक्षक आपल्याच माणसांशी बोलत होता. लिव्हरपूलच्या समर्थकांना मँचेस्टरच्या माणसाने सांगून काय झालं असतं? घोषणा आणखी चढ्या आवाजात झाल्या असत्या.

दिरांनी टाकलेला फोटो याच जातीचा आहे, प्रमाण लहान असलं तरी. शहराच्या वाहतुकीवर, बोलण्यावर, तोऱ्यावर काय ते बोला. शहर बुडालेलं असताना, आपल्या नात्यातलं माणूस तिथे अंधारात बसलेलं असताना, त्या पाण्यावर विनोद होत नाही. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपण उगाच वापरत नाही. इथे लेकीच्या जागी शहर आहे इतकंच. दिरांना तुमची आई एकटी आहे हे त्या क्षणी आठवलं नसेल, हे मी मान्य करते. बहुधा तसंच असेल. म्हणूनच कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती, आणि ते काम तुमचं नव्हतं. ते तुमच्या यजमानांचं होतं, आजही आहे.

त्यांना हे पत्र दाखवणार असाल तर त्यांच्यासाठी चार ओळी लिहिते. ग्रुपवर भांडण काढू नका. भावाला बाजूला घ्या, घराबाहेर चालता चालता बोला. ‘तो फोटो आला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. त्या रात्री हिची आई अंधारात एकटी होती आणि ही झोपली नव्हती. बाकी काय वाटेल ते बोल, पण पाणी, आजारपण, अपघात यावरून नको.’ एवढंच. ‘तिला वाईट वाटलं’ असं सांगू नका, ‘मला पटलं नाही’ असं सांगा. बायकोच्या वतीने निरोप पोचवणारा नवरा आणि स्वतःचं मत सांगणारा भाऊ, यातला फरक समोरच्याला बरोबर कळतो. आणि ‘आमच्याकडे असंच बोलतात’ हे वाक्य निदान या बाबतीत मागे घ्या. असं बोलण्याची पद्धत माणसांनीच पाडलेली असते, ती थोडी बदलली तर तुमच्या घराचं काही जाणार नाही.

पण बाई, तुमच्याकडेही दोन गोष्टी मला बघाव्याशा वाटतात. माहेरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तुम्ही सासरच्या शहरातल्या माणसांच्या नकला पाठवता, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. त्यात काही पाप नाही. फक्त तुमची मुलगी त्या ऐकते का, एवढं तपासा. तिच्या कानांनी दोन्ही ग्रुप सारखेच आहेत. दुसरं असं की, सात वर्षांत तुमचं माहेरचं शहर तुमच्या मनात जरा जास्तच चकचकीत झालंय. शहराभिमान माणसाला काय काय करायला लावतो पाहा: १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांनी एकमेकांवर कुरघोडी करायला लोकसंख्येचे आकडे फुगवले, मेलेल्यांची नावंही मोजणीत घुसली. प्रकरण इतकं विकोपाला गेलं की दोन्हीकडे फेरमोजणी करावी लागली, आणि दोघांचेही आकडे खोटे निघाले. तुमच्या शहरात पाणी भरतं हे खरं आहे. तिथली गर्दी तुमच्या आईला झेपत नाही हेही खरं आहे. ते कबूल केल्याने तुमची बाजू पडत नाही. उलट सासऱ्यांना पहिल्यांदाच तुमच्याशी साधं बोलता येईल.

मग उत्तर द्यावं की गप्प बसावं? दोन्हीचे तोटे तुम्ही अनुभवलेच आहेत. उत्तर दिलंत की पुढचा हात खेळायला समोरचा तयारच असतो, आणि तुम्ही चांगलं खेळता म्हणून खेळ लांबतो. गप्प बसलात की ‘राग आला वाटतं’ हा नवा विनोद सुरू होतो. माझं मत असं की थट्टेला थट्टेनेच उत्तर देत राहा, ती तुमची आवडती गोष्ट आहे, कुणी वापरतंय म्हणून सोडू नका. मात्र ज्या टोमण्यात बदलीचा किंवा आईचा वास येईल, तिथे विनोद थांबवून सरळ विचारा, ‘बाबा, आम्ही जाणार म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय का?’ जेवताना सगळ्यांसमोर विचारू नका, सासरे एकटे सापडतील तेव्हा विचारा. पहिल्यांदा ते उडवून लावतील. दुसऱ्यांदा कदाचित बोलतील.

मुलीच्या वाक्याने तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, आणि ते समजण्यासारखं आहे. तिला रागावू नका, ‘आजीची माफी माग’ असंही करू नका. सहा वर्षांच्या मुलाला शहर कळत नाही, जे वाक्य घरात टाळी घेतं ते तेवढं कळतं. तुमच्या आईने फार सुंदर उत्तर दिलं होतं. पण आजीनेच येत राहायचं, हे नको. मुलीला घेऊन तिकडे जा, आणि शहर दाखवायला बाहेर काढू नका. प्रेक्षणीय स्थळांनी मूल शहराशी जोडलं जात नाही. आजीच्या इमारतीतली तिच्या वयाची एखादी मैत्रीण, तिची तिची एक ठरलेली खिडकी, आजीबरोबर रोज संध्याकाळी उघडायचा एक कप्पा, अशा गोष्टींनी जोडलं जातं. दोन-तीन मुक्कामांनंतर घरी कुणी ‘घाण शहर’ म्हटलं, तर तीच सांगेल की तिथे माझी मैत्रीण राहते. आजोबांनाही यात घ्या. नातीने आजीला फोन लावताना आजोबांनीही दोन मिनिटं बोलावं, एवढी मागणी कुणाला जड नाही.

बदलीच्या निर्णयात मी मत देणार नाही, पण एक माणूस पत्रात राहून गेलंय असं सांगते. आईला काय हवंय? सासू-सासरे काय म्हणतात, दीर काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, सगळं पत्रात आहे. आईचं मत कुठेच नाही. तिला तुम्ही तीन वर्षं जवळ हव्या असतील. किंवा दर पंधरा दिवसांनी एक निवांत शनिवार-रविवार तिला पुरत असेल, आणि आपल्यामुळे लेकीच्या घरात तेढ येतेय हेच तिला खात असेल. ती आपणहून सांगणार नाही, विचारावं लागेल, आणि ‘तू म्हणशील तसं’ हे पहिलं उत्तर धरून चालू नका. त्यानंतर जाण्याचा निर्णय झाला, तर सासू-सासऱ्यांना तो आधी तुम्ही दोघांनी एकत्र सांगा, आणि सांगताना परत येण्याचं वेळापत्रकही द्या: महिन्यातला कुठला आठवडा, शाळेची कुठली सुट्टी इथे. मोघम ‘येत राहू की’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही. न जाण्याचं ठरलं, तर आईकडे जाण्याचे दिवस तितक्याच पक्केपणाने कॅलेंडरवर लिहा.

तुमच्या मैत्रिणीने सुचवलेला तिसरा मार्ग, दोन्ही सोडून तिसऱ्याच शहरात जा, यावर एक ऐकून ठेवा. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न यांपैकी राजधानी कुठे, यावर एकमत होईना. ती शहरं तुमच्यासारखी जवळ नाहीत, पण चुरस तशीच. १९०१ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेत तोडगा लिहिला गेला: राजधानी सिडनीच्या प्रांतात असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला बसेल. नवी राजधानी कॅनबेरा उभी राहून संसद तिथे जायला १९२७ उजाडलं. देशाला हे परवडलं. तुमच्या आईकडे आणि सासऱ्यांकडे एवढा वेळ नाही, आणि एकापासून तीन तासांऐवजी दोघांपासूनही दहा-दहा तास लांब जाऊन तुम्ही काय मिळवणार?

आणखी एक. तुम्ही दोन्ही घरांचं एकत्र जेवण ठेवायचा विचार करताय. थांबा जरा. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. काही दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली, खोल्यांवर छापे घालू लागली. त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर ती एकमेकांवर अन्न फेकू लागली. निवळली ती केव्हा, तर शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला, तेव्हा. आणि अशा आणखी काही अडचणी एकत्र सोडवाव्या लागल्या, तेव्हा. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, संशोधकांनी मुलांना मुद्दाम भिडवलं होतं ही टीका रास्तच आहे. पण एकत्र जेवण आणि एकत्र काम यांच्या परिणामातला हा फरक मला अनेक घरांत, ऑफिसांत दिसलेला आहे. डॅलस आणि फोर्ट वर्थचंही तसंच झालं. केंद्राच्या विमान वाहतूक मंडळाने १९६४ मध्ये बजावलं की दोघांना मिळून एकच विमानतळ ठरवा. १९७४ मध्ये तो दोन्ही शहरांच्या मध्ये, दोन्ही शहरांच्या नावाने सुरू झाला.

वडील गेल्यापासून आईच्या घराची नावबदलाची कागदपत्रं रखडली आहेत, आणि तुमचे सासरे बँकेतून निवृत्त झालेत, कागदांत पक्के आहेत, या दोन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात दोन वेगवेगळ्या पानांवर आहेत. त्यांना आईकडे जेवायला बोलावू नका, ती फाइल घेऊन बसायला बोलावा. त्यांना खूश करण्याची युक्ती म्हणून हे करू नका, ते त्यांच्या लगेच लक्षात येईल. तुम्हाला खरोखर मदत हवी आहे, आणि ती मागायला तुम्ही दोन वर्षं संकोचत आला आहात. काम दुपारी उशिरापर्यंत चाललं, तर जेवणही तिथेच होईल.

ज्यांचं सासर-माहेर नाही, पण ऑफिसच्या दोन शहरांतल्या शाखा किंवा वसतिगृहातले दोन गट असेच भिडलेले आहेत, अशांचीही पत्रं येतात. त्यांनाही मी आधी हेच विचारते की बढत्या, चांगली कामं, बैठकीच्या वेळा कुठल्या शहराच्या सोयीने ठरतात? त्या बरोबरीने ठरत असतील, तर थट्टा चालू द्या. ठरत नसतील, तर विषय तिथल्या माणसांच्या स्वभावाचा काढू नका, बैठकीच्या वेळेचा काढा. आणि आपल्या गटातलं कुणी सीमा ओलांडत असेल तर त्याला आपणच थांबवा, पलीकडच्यांनी तक्रार करेपर्यंत वाट बघू नका.

कंपनीला उत्तर द्यायला तुमच्याकडे दीड महिना आहे. माझ्या मते क्रम असा ठेवा: या आठवड्यात यजमानांनी भावाशी बोलावं, पुढच्या शनिवारी तुम्ही मुलीला घेऊन आईकडे मुक्कामाला जावं आणि तिला विचारावं, आणि तिचं उत्तर घेऊन आल्यावर मग सासऱ्यांशी बदलीबद्दल बोलावं, ती फाइल सोबत घेऊन.